वेटिंग आहे, पण नंबर नाही

आमच्या ह्यांनी 36 वर्षं रेल्वेत काढली. अलास्का क्रूझचं ठरलं तेव्हा आम्ही बाकीचे हिमनद्या आणि व्हेल मासे बघायचे बेत करत होतो. ह्यांनी एकच गोष्ट मागितली, स्कॅगवे बंदरातून सुटणारी व्हाइट पास रेल्वे. कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावत आलेल्या माणसांसाठी 1898 मध्ये डोंगर फोडायला घेतला आणि 1900 मध्ये ही नॅरोगेज लाइन पुरी झाली. समुद्राच्या पातळीवरून निघून साधारण 20 मैलांत ती 2,865 फूट चढते.

व्हिसा, विमान, सिअ‍ॅटलहून बोटीचं बुकिंग हे सगळं नीट झालं. अडलं ते या गाडीपाशी. चार महिने आधी क्रूझ कंपनीच्या साइटवर पाहिलं तर गाडीच्या सहलीसमोर ‘वेटलिस्ट’. आम्ही दोघं, माझी नणंद आणि तिचे यजमान अशी चौघांची नावं टाकली. ईमेल आली, तुम्ही प्रतीक्षायादीत आहात. कितवे आहोत, ते कुठेच नाही.

हे हैराण झाले. म्हणाले, “अगं, डब्ल्यूएल 40 असलं तरी माणसाला अंदाज येतो, थांबायचं की एसटी धरायची. चार्ट लागला की फैसला होतो. नंबरच नसलेलं वेटिंग कसलं?”

मी रात्री साडेदहाला, त्यांच्याकडे सकाळ असताना, तीनदा फोन केला. पहिल्याने सांगितलं की आपोआप कन्फर्म होईल. दुसरीने सांगितलं की चौघांची नोंद एकत्र आहे, त्यामुळे चार जागा एकदम सुटल्या तरच तुमचा विचार होईल. मग दोन-दोन अशी फोडून द्या म्हटलं, तर ते तिच्या हातात नव्हतं. तिसऱ्याने फक्त वाट बघायला सांगितलं.

रविवारी बोटीवर चढलो. जेवण उरकून सहलींच्या काउंटरवर गेले, तर रांग थेट जिन्यापर्यंत. 50 मिनिटं उभी राहिले. मुलीने केबिनचा नंबर टाकला आणि म्हणाली, “वेटलिस्टवर तुमचं नाव नाही.” घरून केलेली यादी बोट सुटण्याआधीच बंद होते आणि बोटीवर नवी यादी सुरू होते, हे मला तेव्हा कळलं. चार महिन्यांची प्रतीक्षा शून्यावर! आजही आठवलं की संताप होतो. त्या ईमेलमध्ये हे एक वाक्य लिहिलं असतं, तर मी जेवणाकडे न वळता आधी काउंटर गाठला असता. तुम्ही तेच करा. सामान केबिनमध्ये पोचायचीसुद्धा वाट बघू नका.

शेजारच्या खिडकीतल्या वयस्कर गृहस्थांनी माझा चेहरा बघितला असावा. त्यांनी आमच्या दोन चिठ्ठ्या केल्या, दोन-दोन जणांच्या. शिवाय एक गोष्ट सांगितली. त्या बोटीवर बंदराच्या 48 तास आधीपर्यंत सहल रद्द केली की पूर्ण पैसे परत मिळत. स्कॅगवे बुधवारी सकाळी होतं, म्हणजे लोक जागा सोडणार ते सोमवारी सकाळी. सोमवारी बोट दिवसभर समुद्रातच होती. काउंटर आठला उघडायचा, मी सव्वासातला हजर. माझ्यापुढच्या जोडप्याला हेलिकॉप्टरची सहल मिळाली म्हणून त्यांनी रेल्वेची दोन तिकिटं परत केली आणि ती माझ्या डोळ्यांदेखत आमच्या नावावर चढली. मला रडूच फुटलं. नणंदेची दोन मंगळवारी रात्री केबिनमध्ये पाकिटातून आली, पण वेळ वेगळी. चालेल म्हटलं.

आता आठवलं म्हणून सांगते. ही रेल्वे स्वतःही तिकिटं विकते. पण बोटीमार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, स्वतः काढलेल्या तिकिटाची जबाबदारी आपली. आम्ही घाबरलो आणि ती वाट धरली नाही. काही गाड्या नुसत्या खिंडीच्या माथ्यावरून परत फिरतात, काही पुढे कॅनडात जातात. दुसरीतली रिकामी जागा दिसली की लगेच घेऊ नका, पासपोर्ट आणि कॅनडाचा व्हिसा लागतो. सिअ‍ॅटलच्या बोटी बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, म्हणून आपल्याकडे तो व्हिसा असतोच, पण पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत राहतो! आणि हो, अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा. गाडीत चढताना डावीकडची जागा धरा, दरी त्या बाजूला आहे.

माथ्यावर इंजिन दुसऱ्या टोकाला जोडलं, आम्ही सीटच्या पाठी उलटवून बाजू बदलल्या. ह्यांनी डब्यातल्या गाइडला पहिला प्रश्न विचारला तो गेजचा. तो म्हणाला, तीन फूट.

“माथेरानची दोन,” हे माझ्याकडे वळून म्हणाले आणि पुन्हा खिडकीला नाक लावून बसले.