बिनबक्षिसाचा फुटबॉल

ऑगस्ट अर्धा सरला की नॉर्थफिल्डच्या टेकडीवर तीसेक पोरं येऊन उतरतात. कॉलेज सुरू व्हायला अजून अवकाश असतो. वसतिगृहं रिकामी, ग्रंथालयात शुकशुकाट, मैदानावर मात्र सकाळ-संध्याकाळ शिट्ट्या. सेंट ओलाफ कॉलेजच्या फुटबॉल संघाची तयारी चाललेली असते. फुटबॉल म्हणजे आपला, पायानं खेळायचा. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचा तो इथला फुटबॉल वेगळा, आणि त्याच्यापुढे आपल्या फुटबॉलला गावात कोणी फारसं विचारत नाही.

नॉर्थफिल्ड हे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनीआपोलिसच्या दक्षिणेला साठ-सत्तर किलोमीटरवरचं, वीस हजार वस्तीचं गाव. मधून कॅनन नदी वाहते, चहूकडे मका आणि सोयाबीन. न्याहारीच्या सीरियलचा मोठा कारखाना गावातच आहे, त्यामुळे वारा फिरेल तसा गावभर भाजलेल्या धान्याचा, कधी चक्क कोकोचा वास सुटतो. एवढ्याशा गावात कॉलेजं दोन. नदीच्या पूर्वेला कार्लटन, १८६६ चं. पश्चिमेला टेकडीवर सेंट ओलाफ, नॉर्वेहून आलेल्या ल्यूथरन लोकांनी १८७४ मध्ये काढलेलं. दोन्हींत मिळून पाचेक हजार विद्यार्थी. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्या ज्युनिअर कॉलेजात याहून जास्त गर्दी असते.

आम्ही टेकडीच्या बाजूला राहतो, म्हणून सेंट ओलाफ आपलं. कोल्हापूरकराला एवढं कारण पुरतं. पेठ बदलली तरी पेठेचा स्वभाव जात नाही.

इथल्या कॉलेज क्रीडेच्या तीन श्रेण्या आहेत. टीव्हीवर दिसतात ते सामने, लाखभर प्रेक्षकांची मैदानं, प्रशिक्षकांचे डोळे फिरवणारे पगार, हे सगळं पहिल्या श्रेणीत. सेंट ओलाफ तिसऱ्या श्रेणीत. संख्येनं ही सगळ्यात मोठी, चारशेहून जास्त कॉलेजं. तिचा मुख्य नियम असा की खेळासाठी म्हणून एका डॉलरचीही शिष्यवृत्ती द्यायची नाही. अभ्यासातली हुशारी बघून, घरची परिस्थिती बघून फीमध्ये सवलत मिळते. पण तू डावखुरा आहेस आणि कॉर्नर झकास मारतोस, म्हणून नाही.

आपल्याकडे पोरगं मैदानावर जास्त वेळ दिसायला लागलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'त्यानं पुढं काय होणार?' उत्तरंही ठरलेली आहेत. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, पुढे जमलं तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठीच्या पाच टक्क्यांतून वर्णी. इथं यातलं काहीच नाही. ह्या श्रेणीतून व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाणारा पोरगा क्वचितच निघतो. तरी ही मंडळी पहाटे उठून टेकडीच्या चढावर धावतात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून थेट मैदानावर येतात, बसमध्ये मांडीवर पुस्तक ठेवून परीक्षेची तयारी करतात.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. कित्येक वर्षांत त्यांनी घरच्या मैदानावरचा सामना चुकवलेला नाही. घडीच्या खुर्च्या दोन आणतात, एक स्वतःला आणि एक जो कोणी शेजारी येऊन बसेल त्याला. मी त्यांना विचारलं, "शिष्यवृत्ती नाही, पुढे करिअर नाही, मग एवढी मरमर कशासाठी?"

ते म्हणाले, "हे तू कॉयरमधल्या पोरांना विचारलंस का कधी?"

सेंट ओलाफचा कॉयर, म्हणजे समूहगायनाचा संघ, देशभर नावाजलेला आहे, १९१२ पासूनचा. त्यात गाणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुढे डॉक्टर, शिक्षक, हिशेबनीस होतात. त्यांना मात्र कोणी 'कशासाठी' विचारत नाही. मी गप्प बसून खेळ बघायला लागलो.

तसं कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वाढलेल्या माणसाला हे नवं नाही. पाटाकडील आणि दिलबहार ह्या तालमींचे संघ समोरासमोर आले की पायरीवर बोटभर जागा उरत नाही. अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा सगळ्या कोल्हापूरची छाती फुगली होती. पण दरवर्षी जी बाकीची पोरं तालमीची जर्सी घालून उतरतात, त्यांच्यापुढे कुठला विश्वचषक असतो? पेठेसाठी खेळायचं, झालं.

फरक आहे तो बघणाऱ्यांत. इथं दोन-तीनशे माणसं, त्यांत निम्मे पालक, काही कुत्री, गवतावर ब्लँकेट अंथरून लोळणारे विद्यार्थी. आणि सगळे कमालीचे सभ्य. कोणी सरळ प्रतिस्पर्ध्याच्या पायात पास दिला, तर आमच्या खुर्च्यांमधून टाळ्या येतात आणि कोणीतरी ओरडतं, "कल्पना चांगली होती!" तोच पास शाहू स्टेडियमवर कोणी दिला असता तर त्याच्या कल्पनेबद्दल गॅलरी काय बोलली असती, ते इथं लिहिता येणार नाही.

कॉलेज फुटबॉलचे काही नियम जगावेगळे आहेत. घड्याळ उलटं चालतं, पंचेचाळीसपासून शून्याकडे. गोल झाला, कार्ड निघालं, कोणी जखमी झालं की पंच खूण करतो आणि फलकावरचं घड्याळ थांबतं. त्यामुळे जादा वेळ किती, पंच शिट्टी कधी मारणार, ही आपली शेवटची घालमेल इथं नाहीच. शेवटचे दहा सेकंद निवेदक माइकवर मोठ्यानं मोजतो, भोंगा वाजतो, खेळ खल्लास. मला हे अजून पचलेलं नाही. फुटबॉलमधली शेवटची पाच मिनिटं किती लांबीची आहेत हे कोणालाच माहीत नसण्यात मजा आहे, ती यांनी घालवली.

बदली खेळाडूंचं प्रकरण मात्र मला आवडायला लागलंय. पहिल्या अर्ध्यात बाहेर आलेला खेळाडू त्या अर्ध्यात परत जाऊ शकत नाही, पण दुसऱ्या अर्ध्यात बाहेर आला तर एकदा आत जाता येतं. त्यामुळे प्रशिक्षक विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला एकदम तीन-चार जण बदलतात. जाणकार नाकं मुरडतात, खेळाची लय तुटते म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण सप्टेंबरातल्या संघाला लय असतेच कुठे? पहिल्या काही सामन्यांत प्रशिक्षकालाच आपला संघ कोणता ते ठरवायचं असतं. एका सामन्यात एक गोलकीपर, पुढच्याला दुसरा. बचावातला एक जण गेल्या वर्षी पदवी घेऊन गेला, त्याच्या जागी आज हा, बुधवारी तो. दोघं एकाच चेंडूवर जातात, किंवा दोघंही एकमेकांवर सोडून देतात आणि मधून गोल होतो. नोव्हेंबरात हेच दोघं न बघता एकमेकांना पास देतील, पण आत्ता नाही.

मी बघतो ते बाकावरच्या पोरांकडे. आत अकरा, बाकावर आणि बाकामागे वीसेक. पहिल्या वर्षाचा एक किडकिडीत पोरगा आहे, आपल्या शाळेचा हुकमी एक्का असणार. इथं येणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शाळेचा हुकमी एक्काच असतो. घरच्या पहिल्या सामन्यात दुसरा अर्धा सुरू झाला तेव्हा त्याला गोलच्या मागं वॉर्मअपला पाठवलं. जाळीदार पिवळी बंडी घालून तो तिथं उड्या मारत राहिला. बाकीचे दोघं थोड्या वेळानं गप्पा मारायला लागले. हा आपला गुडघे छातीपर्यंत आणतोय. शेवटची दहा-बारा मिनिटं उरली आणि सहायकानं हात केला. बंडी डोक्यातून काढताना कोपरात अडकली. मग खाली बसून, सुटलेली नसलेली बुटाची नाडी सोडून परत बांधली. शिनगार्ड दाबून बघितले. रेषेवर उभा राहिला तर चेंडू बाहेर जाईना, खेळ थांबेना, बदली होईना. तो तसाच, एक पाय रेषेवर. आत गेल्यावर पहिला स्पर्श चांगला झाला, दुसरा चेंडू पायाखालून निसटून बाहेर गेला. "काही हरकत नाही!" आमच्या खुर्च्या ओरडल्या. सामना बरोबरीत सुटला. २०२२ पासून साखळी सामन्यांतला जादा वेळ काढून टाकलाय, त्यामुळे बरोबरी म्हणजे बरोबरी. पूर्वी आधी गोल करेल तो जिंकला असं असायचं. आमच्या शेजाऱ्यांना तेच बरं वाटायचं.

ह्या संघाकडून अपेक्षाही जड आहेत. २०२३ च्या डिसेंबरात सेंट ओलाफनं व्हर्जिनियातल्या सेलमला अंतिम सामन्यात अॅमहर्स्टला २-१ नं हरवून श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद आणलं. तेव्हापासून समोर येणारा प्रत्येक संघ कंबर कसून येतो. बरोबरी झाली तरी पाहुण्यांची पोरं उड्या मारतात.

सुरुवातीचे हे सामने बाहेरच्या कॉलेजांशी असतात. खरी चुरस पुढं, मिनेसोटातल्या आपल्या गटात. ह्या गटाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सेंट थॉमस नावाचं सेंट पॉल शहरातलं मोठं विद्यापीठ ह्याच गटात होतं. आकारानं बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट, आणि बहुतेक खेळांत जिंकायचं तेही भरमसाट फरकानं. शेवटी २०१९ मध्ये गटानं त्यांना सांगितलं, तुम्ही आता बाहेर पडा. हरत असलेल्याला काढल्याचं आपण ऐकतो, इथं जिंकणाऱ्याला काढलं! सेंट थॉमसनं मग मधली श्रेणी ओलांडून २०२१ मध्ये थेट पहिल्या श्रेणीत उडी मारली. यात कोण चुकलं यावर आमच्या खुर्च्यांत अजून वाद होतात. माझ्या मते दोघांचंही बरं झालं.

शनिवारी बऱ्याचदा महिलांचा सामना आधी आणि पुरुषांचा नंतर असतो. आमची कन्या पहिल्यालाच येते, दुसऱ्याला तिला घरी जायचं असतं. महिलांच्या सामन्यालाही तेच प्रेक्षक, तसेच पंच, तोच निवेदक. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा कायदा १९७२ मध्ये आला, त्याची ही फळं. आपल्याकडे मुलींच्या फुटबॉलला प्रेक्षक मिळवायचे म्हणजे अजून आई-वडिलांनाच आग्रह करावा लागतो.

सप्टेंबरात गावाचाही वेगळा हंगाम असतो. ७ सप्टेंबर १८७६ ला जेसी जेम्सची टोळी इथली बँक लुटायला आली. जोसेफ हेवूड नावाच्या कर्मचाऱ्यानं तिजोरी उघडायला नकार दिला आणि जीव गमावला. गावकऱ्यांनी बंदुका काढून टोळीतल्या दोघांना रस्त्यातच लोळवलं. दरवर्षी त्या सुमारास घोडे, गोळीबार, धूर, सगळा प्रकार हुबेहूब करून दाखवतात. त्या शनिवारी सामना असला की गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि पाहुणा संघ हमखास उशिरा पोचतो.

सामना संपल्यावर पालकांची टेबलं लागतात. बटाट्याच्या गोळ्या वर रचलेला हॉटडिश, घरून आणलेले चौकोनी गोड बार्स, सफरचंदं, चीज. खेळाडू ओल्या केसांनी येतात आणि उभ्या उभ्या खातात. दूरच्या राज्यांतून विमानानं आलेले आईबापही असतात. मी भडंगाचा डबा ठेवला होता. पहिल्यांदा कोणी हात लावला नाही. मग एका उंच बचावपटूनं चिमूटभर तोंडात टाकलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो डबाच घेऊन मित्रांकडे गेला.

याच टेबलापाशी मला खुपणारी गोष्टही दिसते. इथं राहून-जेवून शिकायचा वर्षाचा पूर्ण खर्च सत्तर हजार डॉलरच्या वर आहे. सवलती मिळतात, सगळेच तेवढे भरत नाहीत, तरी आकडा डोळ्यांसमोरून जात नाही. त्याआधी लहानपणापासून क्लबांच्या फिया, परगावच्या स्पर्धांचा प्रवास, उन्हाळी शिबिरं. अमेरिकेत चांगला फुटबॉल शिकायला खिसा जड लागतो. बिनबक्षिसाचा खेळ हे ऐकायला छान आहे, पण बक्षिसाविना खेळणं परवडावं लागतं. तिकडं रिक्षावाल्याचा पोरगा पेठेच्या संघात सेंटर फॉरवर्ड खेळतो आणि त्याचे बूट तालीम घेऊन देते. हे सांगितलं तर शेजारच्या गुरुजींनी तालीम म्हणजे काय ते मला दोनदा समजावून सांगायला लावलं.

आता ऑक्टोबरच्या तोंडाशी गटातले सामने सुरू होतील. हवा उतरायला लागली आहे, संध्याकाळी अंगात जाड जॅकेट लागतं. गटातलं सगळ्यात लांबचं मैदान मूरहेडला, उत्तर डाकोटाच्या सीमेवर. बसनं चार तासांहून जास्त. मी तिथं जाणार नाही, सामना कॉलेजच्या संकेतस्थळावरून बघणार. तुम्हालाही बघता येईल. इथला दुपारी एकचा सामना म्हणजे तिकडं रात्रीचे साडेअकरा. समालोचन विद्यार्थीच करतात आणि खेळ सोडून मेसमधल्या जेवणावर बोलत सुटतात, तेव्हा आवाज बंद ठेवलात तरी चालेल. पिवळ्या बंडीतला पोरगा दिसला तर मला कळवा. कॅमेरा बाकाकडे वळतो तेव्हा नेमका मी चहा करायला उठलेला असतो.