वेताळ टेकडीवरील नोंदी : १० मे ते ८ जून

यंदा उन्हाळ्याच्या अखेरीस पुण्याच्या वेताळ टेकडीवर हिंडण्याऐवजी जुन्या दगडखाणीजवळ एकाच जागी बसून, सकाळी सहा ते साडेसात या वेळेत, निरीक्षण करण्याचे ठरवले. पूर्वीच्या भटकंतीत यादी लांबत असे, मात्र एकाही पक्ष्याची दिनचर्या हाती लागत नसे.

पहिल्याच सकाळी उघड्या मुरमावर टिटवीची चार अंडी आढळली. ती इतकी मुरमासारखी दिसतात की टिटवीने आरडाओरडा केला नसता तर बहुधा माझा पाय त्यांवर पडला असता. त्यानंतर मी चाळीस पावले मागे सरकून बसू लागलो. नर आणि मादी आळीपाळीने घरट्यावर येत. परंतु मे महिन्यात ‘उबवणे’ हा शब्द फसवाच म्हणावा लागेल, कारण ऊन चढल्यावर पक्षी अंड्यांवर बसण्याऐवजी त्यांना सावली धरून उभा राहत असे. १७ मे रोजी मुद्दाम अकरापर्यंत थांबलो, तेव्हा एक टिटवी खाणीच्या पाण्यात पोटाची पिसे भिजवून धावत परतली आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसली. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस भरपूर पडतो, असे म्हणतात. टेकडीवरच राहणाऱ्या टिटवीला हा नियम कसा लावावा, हे मात्र कळत नाही.

एक दुरुस्ती : २४ मेच्या यादीत ‘शिक्रा’ (छोटा शिकारी पक्षी) असे लिहिलेला पक्षी, दिसायला त्याच्यासारखाच असणारा पावशा, म्हणजे कोकिळेच्या कुळातला पक्षी, होता. गिरिपुष्पाच्या फांदीवर तो गप्प बसलेला असताना सातभाई त्याच्यावर तुटून पडले होते, आणि तेवढ्यावरून मी घाई केली. छायाचित्रात डोळ्याभोवतीचे पिवळे कडे व आकडी नसलेली चोच स्पष्ट दिसते. सातभाईंचा राग रास्तच होता, कारण पावशा आपली अंडी त्यांच्याच घरट्यात घालतो.

३ जूनला, आभाळ भरून आलेले असताना, दोन चातक एकमेकांचा पाठलाग करत ‘पियू-पियू’ ओरडत गेले. पंखांवरील पांढरे पट्टे उडताना चटकन ओळखू आले. टेकडीवरील यंदाची ही माझी पहिली नोंद.

५ जूनला टिटवीची तीन पिल्ले बाहेर आली आणि दुसऱ्या सकाळी घरट्याची जागा सोडून गेली. ८ जूनला त्यांपैकी दोनच दिसली. चौथे अंडे अजून मुरमातच आहे. त्याला हात लावलेला नाही.