एक टेकडी, दोन स्टुडिओ आणि कॉकसाहेब

फिन्सबरी पार्कहून डब्ल्यू-थ्री बस पकडली की ती धापा टाकत टेकडी चढते आणि अलेक्झांड्रा पॅलेसपाशी सोडते. नाव पॅलेस, पण राजा-राणी इथे कधी राहिलेच नाहीत. १८७३ साली लोकांच्या करमणुकीसाठी उघडला, सोळा दिवसांत जळला, दोन वर्षांत पुन्हा उभा राहिला. बाकीचे लोक गच्चीच्या कठड्याला टेकून लंडनचे फोटो काढत होते. मी आलो होतो आग्नेय कोपऱ्यातल्या बुरुजासाठी. त्याच्यावर लोखंडी मनोरा अजून आहे. भिंतीवर गोल निळी पाटी: २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने जगातली पहिली नियमित ‘हाय डेफिनिशन’ (म्हणजे त्या काळच्या मानाने सुस्पष्ट चित्राची) टीव्ही सेवा इथून सुरू केली.

पाटीवर जेराल्ड कॉकचं नाव नाही. बीबीसीचा हा पहिला टीव्ही संचालक. त्याआधी दहा वर्षं तो रेडिओसाठी मॅचेस, शर्यती, समारंभ यांचं प्रक्षेपण सांभाळायचा. १९३५ साली टीव्ही त्याच्या गळ्यात पडला, आणि सोबत एक सरकारी त्रांगडं: टीव्हीचा आद्य संशोधक बेअर्ड याची पद्धत, जिच्यात चित्र २४० आडव्या रेषांचं, आणि मार्कोनी-ईएमआय या प्रतिस्पर्धी कंपनीची ४०५ रेषांची, दोन्ही आळीपाळीने वापरून बघा! म्हणजे स्टुडिओ दोन, यंत्रं दोन, कटकटी दुप्पट. पहिला मान कोणाचा, हे चक्क नाणं उडवून ठरलं. बेअर्ड जिंकला. तरी उद्घाटन त्याच दुपारी दोनदा करावं लागलं. आपल्याकडे नारळ कोणी फोडायचा यावरून होतं, तसलंच हे!

बेअर्डचा कॅमेरा जागचा हलायचा नाही. आधी फिल्मवर चित्रण, मग ती फिल्म तिथल्या तिथे टाकीत धुवायची आणि ओली असतानाच स्कॅन करायची. यात मिनिटभर जायचं. टाकीतल्या रसायनात सायनाइड होतं! निवेदिकेला वेगळ्या काळोख्या खोलीत बसवायचे. तोंडावर लखलखता झोत, त्यामुळे हातातला कागद वाचायची सोय नाही. ईएमआयचे कॅमेरे मात्र याच गच्चीवरही यायचे. फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्डचा गाशा गुंडाळला गेला. मला तर वाटतं, कॉकने सुटकेचा निःश्वास टाकला असणार.

मग त्याचा जुना हात कामी आला. १२ मे १९३७, सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मिरवणूक: हाइड पार्क कॉर्नरला तीन कॅमेरे, तिथून या टेकडीपर्यंत आठेक मैल केबल.

१ सप्टेंबर १९३९ ला, शत्रूच्या विमानांना लहरींवरून वाट सापडेल या भीतीने, सगळं बंद झालं. कॉक बीबीसीचा प्रतिनिधी म्हणून अमेरिकेला गेला. जून १९४६ मध्ये प्रक्षेपण पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याच्या खुर्चीत मॉरिस गोरहॅम होता.