भरतीचं वेळापत्रक, पावसाचा अंदाज आणि लिफ्टचा पिट

मे महिना लागला की आमच्या सोसायटीत दोनच विषय: गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि लिफ्टचा पिट, म्हणजे लिफ्टच्या खालचा खड्डा. नेरुळचा आमचा भाग खाडीच्या बाजूला, सखल. धो-धो पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की गटाराचं पाणी उलटं आत येतं. आधी लिफ्टच्या पिटमध्ये, मग स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमधल्या, स्कूटरींच्या चाकांशी. सेक्रेटरी मी, त्यामुळे रात्री-अपरात्री फोनही मलाच.

बाहेरच्यांना हे समजत नाही, म्हणून सांगते. सिडको या सरकारी महामंडळानं १९७० नंतर नवी मुंबई वसवताना बराच भाग भराव घालून काढला. तो मोठ्या भरतीच्या पातळीखाली राहणार हे ठाऊक होतंच, म्हणून डच पद्धतीनं धारण तलाव बांधले. भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जातं. कल्पना फार सुंदर. आता बऱ्याच तलावांत गाळ साचलाय आणि गाळावर खारफुटी उगवलीय. तिला हात लावायचा तर हायकोर्टाची परवानगी लागते. लागायलाच हवी, पण तोवर गाळ काही थांबत नाही.

गेल्या वर्षी भाच्यानं फोनवर एआयचं अ‍ॅप टाकून दिलं. "मावशी, काहीही विचार." मी जुलैतल्या भरतीच्या वेळा विचारल्या. क्षणात सुबक तक्ता हजर. फक्त सलग तीन दिवस भरतीची वेळ तीच! भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे दिवाळे गावातली कोणतीही मासळीवाली झोपेत सांगेल. तक्ता मात्र असा ठाम, की ज्याला हे माहीत नाही त्यानं तो निमूट नोटीस बोर्डावर लावला असता.

मुळात भरतीला एआय लागतच नाही. चंद्र-सूर्याचं गणित आहे ते, वर्षभर आधी छापून मिळतं. मग मी काम उलटं केलं. छापील तक्त्याचा फोटो दिला आणि साडेचार मीटरच्या वरच्या भरत्या तेवढ्या वेगळ्या काढायला सांगितल्या. आयुष्य हिशेबतपासणीत गेल्यामुळे फूटपट्टी धरून एकेक ओळ पडताळली. मग त्यातून वॉचमनकाकांसाठी हिंदीत मोठ्या अक्षरांचा कागद करून घेतला: भरतीच्या दोन तास आधी सबमर्सिबल पंप चालवून बघा, फ्लोट (पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता गोळा) अडकलाय का हात घालून बघा, जाळीवरचा कचरा काढा. फ्लोट अडकतो तो बहुतेक दुधाच्या पिशवीमुळे. हे कुठल्याही मॉडेलला माहीत नव्हतं, काकांना माहीत होतं.

एआयचा खरा उपयोग पावसाच्या बाजूला आहे, आणि तिथे मी मनापासून आशावादी आहे. २०२३ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत ग्राफकास्ट नावाच्या एआय मॉडेलवर शोधनिबंध आला. जवळजवळ चाळीस वर्षांच्या हवामानाच्या नोंदींवर ते शिकलंय आणि जगाचा दहा दिवसांचा अंदाज एका मिनिटाच्या आत काढतं. याच कामाला महासंगणकाला तास लागतात. २०२५ च्या खरिपात तर आपल्या कृषी मंत्रालयानं एआयच्या मदतीनं काढलेला पावसाच्या आगमनाचा अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मेसेजनं पाठवला. त्या वर्षी पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन धडकला आणि पुढे जाता जाता अडला. असं अडणार, हे त्या मेसेजमध्ये आधीच होतं.

माझा मामेभाऊ मुरबाडला भात करतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "ताई, मला सत्तर टक्के-तीस टक्के नको. राब (भाताची रोपं) पेरू का थांबू, एवढं सांग." मी म्हटलं, ते कोणीच सांगणार नाही, पण बियाणं फुकट जायची भीती थोडी कमी झाली तरी पुष्कळ. त्याला ते फारसं पटलं नाही.

आता मर्यादा. ग्राफकास्ट जगाचे साधारण २८ किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज देतं. म्हणजे वाशी आणि पनवेल एकाच चौकोनात बसू शकतात. माझ्या गटाराचं ते काय सांगणार? शिवाय जे फार क्वचित घडतं, त्याचं बळ ही मॉडेलं कमी लेखतात, हे अभ्यासकांनीच दाखवलंय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. असे दिवस शिकायला मिळतात तरी किती? आणि शिकतात ती शेवटी पर्जन्यमापकांच्या, जहाजांच्या, उपग्रहांच्या नोंदींवरच. त्या घेणारी माणसं कमी करून कोणी एआय आणणार असेल, तर तो मुळावरच घाव.

आमच्या कमिटीतले एक काका मात्र एआयचं नाव काढलं की ऐरोलीकडे बोट दाखवतात. ठाणे-बेलापूर रोडनं जाताना रबाळे-महापे पट्ट्यात खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती दिसतात ना, ती डेटा सेंटरं. "वीज कुठून येते त्यांना?" बरोबर आहे त्यांचं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज खाल्ली, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत ती ९४५ अब्जांच्या घरात जाईल. आपल्या राज्याची बरीचशी वीज अजून कोळशाची.

पण याचं उत्तर मी अ‍ॅपला प्रश्न विचारणं बंद करण्यात नाही. गुगलनं आपल्या एआयच्या एका साध्या लेखी उत्तराला ०.२४ वॉट-तास लागतात असं जाहीर केलंय. आकडा कंपनीचाच आहे हे धरूनही, एका युनिटमध्ये अशी चार हजारांवर उत्तरं बसतात. आमच्या हॉलचा एसी तासाभरात तेवढं संपवतो. विचारायचं ते कंपन्यांना: कोणत्या तासाला कुठली वीज, थंड ठेवायला कुठलं पाणी, आणि हे सगळं पावसाच्या अंदाजासाठी की एआयनं बनवलेल्या माकडांच्या व्हिडिओसाठी? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माझा राग सगळा तिथेच आहे.

काकांशी तडजोड झाली ती अशी: पिटमध्ये एआयवाला कॅमेरा घ्यायचा नाही, साधा सेन्सर आणि भोंगा घ्यायचा. वाचलेले पैसे गच्चीवरच्या सोलरच्या खात्यात. सूर्य घर योजनेत सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॉटमागे १८ हजार अनुदान आहे, कोटेशनं मागवलीत.

एक विनंती. नेरुळ, वाशी, बेलापूरच्या सखल भागातल्या सोसायट्यांनी गेल्या पावसाळ्यात पाणी कधी, किती चढलं हे लिहून ठेवलं असेल तर मला पाठवा. वहीचा फोटो चालेल. २८ किलोमीटरच्या चौकोनाच्या आत काय होतं, ते आपल्याच वह्यांतून कळेल. तक्ता मशीन करेल, फूटपट्टी माझ्याकडे आहे.