घुंगरू ऐकू येईना

पोळ्याला तोरणाखाली उभा होतो. डफडं ऐकू येत होतं, ढोल येत होता. बैल माना हलवत होते, गळ्यातल्या घुंगरमाळाही हलत होत्या, पण त्यांचा आवाज नाही. शेजाऱ्याला म्हटलं, "यंदा माळा मुक्या आणल्या का?" तो हसला. मला काही हसू आलं नाही.

१९९९ मध्ये कारगिलच्या लढाईत द्रासला आमची १५५ मिमीची बोफोर्स तोफ होती. कानात कापूस कोंबून गोळे डागायचे. नंतर दोन-दोन दिवस कान सुन्न. त्याची तक्रार करायला वेळ कुणाला होता? तेव्हापासून रात्री रातकिडे ओरडतात, अगदी पौषातही. ते शेतात नसून माझ्याच कानात आहेत हे कळायला वीस वर्षं गेली.

माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकला पहिल्यांदा गेलो तर डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटल्याचं पुस्तक, घरीच. चाळीस किलोमीटर परत. दुसऱ्या खेपेला रेफरल मिळालं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झाली.

बंद खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी दाबतच सुटलो. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणारी मुलगी, दार उघडून म्हणाली, "काका, मी काही वाजवलंच नव्हतं." रातकिडे! मग तिने सलग शिट्टीऐवजी तुटक टुक-टुक लावलं, तेव्हा कुठे जमलं. कागदावरची रेघ ४००० हर्ट्झजवळ विहिरीत पडल्यासारखी खाली गेलेली. बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी धमाक्यांनी मेल्या, म्हणून 'स', 'श' गळतात. बोलणं ऐकू येतं, शब्द येत नाहीत.

गोळी-औषध विचारलं. म्हणाली, अजून नाही. कोंबडीच्या कानात या पेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही; ते कसं घडवायचं यावर संशोधन चाललंय. अमेरिकेतही माजी सैनिकांच्या अपंगत्वाच्या दाव्यांत कानातला आवाज सगळ्यांत वर, म्हणे. घरी येऊन अंगणातल्या कोंबड्यांकडे जरा हेव्यानेच पाहिलं.

घसा वर्षभर बसलेला होता, त्याचंही कारण तिथेच निघालं. बायको कधीची म्हणत होती, "अहो, मी का भैरी हाव? एवढे काऊन वरडता?" स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून मी ओरडायचो आणि स्वरयंत्र सुजायचं. दुर्बिणीतून ते लालभडक दिसलं. आता रोज पाणी, ओठ मिटून गुणगुणणं, आणि शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्याला हाका बंद. हे शेवटचं अवघड. गडी हाकेशिवाय येतच नाही.

कानाची यंत्रं मिळाली. पहिल्या दिवशी भांडी, कुकर, माझंच भाकर चावणं, सगळं अंगावर आलं. दोन तास लावायचं, मग चार, असं वाढवत नेलं. मोटरसायकलवर वारा असा घोंघावतो की काढून खिशात ठेवतो.

घुंगरू आता येतात ऐकू, पण पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखे. ऑडिओलॉजिस्ट म्हणते, सेटिंग बदलून पाहू. सोमवारची तारीख दिलीय. डिस्चार्ज बुक आताच पिशवीत टाकून ठेवलं.