आमची वाटचाल : दुसऱ्यांदा शिकाऊ

१९८१ साली मी एसटीच्या आगारात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो आणि २०१७ च्या मे महिन्यात, अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर, मेकॅनिक म्हणून बाहेर पडलो. निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते घड्याळ बघत तीन महिने काढले. चौथ्या महिन्यात घरातला चांगला चालणारा मिक्सर खोलून बसलो, तेव्हा मंडळी म्हणाल्या, "तुम्हाला काहीतरी काम बघा, नाहीतर उद्या फ्रिज खोलाल."

आमच्या मंगळवेढ्याची ओळख ज्वारीची. पण आमच्या लहानपणी त्याच काळ्या रानात ज्वारीच्या कडेनं करडईचे पाटे असायचे. काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे आणि घरचं वर्षाचं तेलही निघायचं. बैलाच्या घाण्यावरून आणलेलं ते तेल, शेंगाचटणीत धार धरून ओतलेलं आणि सोबत कडक भाकरी. पुढे पिशवीतलं तेल आलं, घाणे मोडले, करडईही कमी झाली. काढणीला पहाटे दव असतानाच जावं लागतं, ऊन चढलं की काटे हाताला लागू देत नाहीत. मजूर नको म्हणतात, त्यांचंही बरोबर आहे.

ग्रॅच्युइटीतले पावणेदोन लाख घालून २०१८ च्या दसऱ्याला मोटरवरचा लाकडी घाणा घेतला. मुलगा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा बोलत होता.

आता माझी फजिती. छत्तीस वर्षं यंत्रांत गेलेली, त्यामुळे घाणा म्हणजे काय मोठं, अशी माझी समजूत. लाट, म्हणजे उखळीत फिरणारा लाकडी दांडा, मिनिटाला बारा-चौदा फेरे फिरते, हे मला फार सावकाश वाटलं. पुली बदलली आणि फेरे बावीसवर नेले. तेल लवकर सुटलं खरं, पण उखळ तापली, तेलाला करपट वास आला आणि सोळा किलो शेंगदाणा वाया गेला.

मग गावातल्या एका तात्यांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, पूर्वी स्वतःचा बैलघाणा होता. ते काठी टेकत आले, पुलीकडे बघितलं आणि म्हणाले, "अरं, ही काय गाडी हाय का टायमात पोचवायला?" मी पुली पूर्ववत केली. पुढचे दोन महिने ते रोज सकाळी घाण्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि मी त्यांचा ओरडा खायचो. शेंगदाण्यावर पाण्याचा शिपका कधी मारायचा, किती मारायचा. पाणी जास्त झालं की तेलाला फेस येतो आणि ते टिकत नाही. लाटेचा आवाज बदलला की पेंड घट्ट होत आली. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखणारे माझे कान इथं पुन्हा पहिलीत बसले. खोटं कशाला सांगू, साठीच्या उंबऱ्यावर कोणीतरी आपल्याला "एवढं पण कळत नाय व्हय रं" म्हणतंय, याची मला मजाच वाटायला लागली. आगारात शेवटची दहा वर्षं सगळे मला "साहेब, तुम्हीच सांगा" म्हणायचे. त्यानंच मी म्हातारा होत चाललो होतो.

एक चूक मात्र गिऱ्हाइकांपर्यंत गेली. पहिल्या दिवाळीच्या घाईत तेल निवळू न देता बाटल्यांत भरलं. आठ दिवसांत तळाशी गाळ बसला आणि अकरा बाटल्या परत आल्या. तेव्हापासून तेल तीन दिवस पिंपात स्थिर राहतं आणि वरची निवळीच बाटलीत जाते.

दर जास्त का, हे लोक अजून विचारतात. एक लीटर शेंगदाणा तेलाला आम्हाला अडीच किलो दाणे लागतात, करडईचं बी साडेतीन ते चार किलो. मोठ्या कारखान्यात पेंडीत उरलेलं तेलही रसायनानं ओढून घेतात, आमच्या पेंडीत ते राहतं. म्हणून आमचं पहिलं कायमचं गिऱ्हाईक माणूस नव्हतं, शेजारची मुऱ्हा म्हैस होती. पहिलं वर्ष पेंडीनंच तारलं.

२०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद, तेल पडून. सूनबाई म्हणाली, "मामा, व्हॉट्सॲपवर टाकूया, पण मेसेज तुम्हीच लिहायचा." मला टायपिंग येईना, म्हणून तिनं बोलून लिहायची सोय दाखवली. मी ऐटीत बोललो, "आज करडईचा घाणा काढला आहे." फोननं लिहिलं, "आज करडईची घाण काढली आहे." न वाचताच दीडशे लोकांना पाठवलं. संध्याकाळपर्यंत चाळीसभर फोन आले. निम्मे हसायला, निम्मे चौकशीला, आणि त्यातल्या सतरा जणांनी तेल मागवलं! सूनबाईचं मत आहे की आमची सगळ्यात चांगली जाहिरात तीच. लेबल, चौदा आकडी फूड लायसन्स नंबर, एक लीटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं आणि लीटर व वजन दोन्ही छापायचं, हे सगळं मी तिच्याकडून शिकलो. ती तात्यांपेक्षा कडक आहे. चुकलं की बोलत नाही, नुसती बघते.

तात्या २०२२ च्या पावसाळ्यात गेले. त्यांची खुर्ची घाण्याशेजारीच आहे. आता मंडळी तिथं बसून बाटल्यांना बूच लावतात.

गेल्या वर्षी मी पासष्टी ओलांडली आणि डोक्यात नवीन खूळ आलं : करडई आपणच पिकवायची. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं नारी-६ नावाचं बिनकाट्याचं वाण काढलंय, हे वाचलं होतं. पंढरपूर, माळशिरस, नातेपुते असा पालखीच्या उलट्या वाटेनं एसटीनं गेलो, अर्ध्या तिकिटावर. वाटेत गाडीचा क्लच घसरतोय हे मला माळशिरसच्या आधीच कळलं. कंडक्टरला सांगितलंही. तो म्हणाला, "बसा आजोबा."

भावाच्या अर्ध्या एकरात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरणी केली. काटा नसल्यानं पाकळ्या हातानं वेचता येतात आणि त्या वाळवून चहा करतात. सूनबाईला त्याच्या पुड्या विकायच्या आहेत. जानेवारीत पिवळ्या पाकळ्या लालसर व्हायला लागल्या, तशी ती रोज विचारायची, "मामा, आज वेचायच्या का?" मला कुठं माहीत होतं! मी फलटणला फोन लावला आणि वही घेऊन बसलो.