कागदी पिशवी

आज विनिपेगला मोहल्ल्याच्या हॉलमध्ये सिनेमा बघितला. विषय रेसिडेन्शियल स्कूल. कॅनडातल्या आदिवासींची दीड लाखाच्या आसपास मुलं घरातून उचलून शाळांत कोंडली. आपली भाषा बोलली की मार. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे मी दप्तर घेऊन शाळेत जात होते तेव्हा!

नंतर सगळे गोल बसलो. शेजारच्या आजी अडखळत नातीला क्री या त्यांच्या आदिवासी भाषेतले शब्द सांगत होत्या. मला मात्र आपली सोलापूरची सेटलमेंट आठवत राहिली, इंग्रजांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना जिथे डांबलं ती वसाहत. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, ते तारेचं कुंपण, ती हजेरी. त्यावर आम्ही कधी असे गोल बसलो?

डोळे पुसलेला टिश्यू कचऱ्यात टाकायला निघाले, तर आजींनी कागदी पिशवी पुढे केली. आसवं फेकायची नसतात म्हणे, पवित्र अग्नीत द्यायची. दिला.